सजीव देखावा लिहायचाय 'आदर्श देश' वर, पण असा देश असू शकतो का?

मंगळवारपेठ_कट्टा

नमस्कार मंडळी. जरा फसलोय म्हणून इथं विचारतोय. आमच्या तालमीच्या मंडळाचा यंदाचा सजीव देखावा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दरवर्षी आपलं ऐतिहासिक असतंय, मागल्या वर्षी पन्हाळा, त्याच्या आधी पण पन्हाळाच, तर ह्यावेळी मीटिंगमधे कुणीतरी बोललं की काहीतरी वेगळं करूया, 'आदर्श देश' घेऊया, आणि चहा यायच्या आत ठराव पास पण झाला. मी नुस्तं "बघतो की" म्हणालो तर टाळ्या वाजवल्या.

१५ मिनिटं, १४ कलाकार. संवाद आधी रेकॉर्ड करायचे, वर स्टेजवर पोरांनी ओठ हलवायचे. गौरी विसर्जन झालं की देखावा खुला करायचा, म्हणजे हातात वेळ न्हाई.

लिहायला बसलो. पडदा उघडला, सगळे सुखी. शेतकऱ्याला भाव मिळालाय, दवाखान्यात पैसे लागत न्हाईत, पोरगी रात्री १२ ला एकटी बिनधास्त घरला निघालीया, सरकारी हापिसातला माणूस उठून "बसा मावशी, पाणी घ्या" म्हणतोय. झालं. दोन मिनिटांत संपलं. पुढं काय? भांडणच न्हाई तर माणसं पावसात छत्री घेऊन १३ मिनिटं बघत कशाला उभारतील?

दुसरी अडचण त्याच्याहून मोठी. भूमिका वाटायला बसलो तर पंतप्रधान व्हायला सहाजण तयार, मिल्ट्रीवाला चौघं, डॉक्टर दोघं. गटार काढणारा कुणीच न्हाई. मी म्हणालो अरे आदर्श देशातलं गटार हाय, हातात नुस्तं फावडं घेऊन उभारायचंय. तरी न्हाई. एकजण म्हणतोय आदर्श देशात गटारच नसणार. दुसरा म्हणतोय मशीन असणार. मग ते मशीन धुणार कोण ह्याच्यावर रात्री साडेअकरापर्यंत वाद. (दारूबंदी ठेवायची का असं विचारल्यावर निम्मा कट्टा गप्प झाला, तो विषय मी तिथंच सोडला.)

तर चेष्टा न्हाई, खरंच विचारतोय. असा देश कधी कुठं होता का, आत्ता हाय का, होऊ शकतो का? आणि असलाच तर तिथलं गटार कोण काढतंय?

---

जगात_भारी_०९

आदर्श देशात तांबडा पांढरा रेशनवर मिळणार. विषय संपला भावा.

---

निवृत्त_मास्तर

तुमचा गटाराचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही, मोठमोठे लोक तिथेच घसरले आहेत.

इंग्रजीत अशा देशाला युटोपिया म्हणतात. हा शब्द इंग्लंडच्या थॉमस मोर या माणसाने १५१६ साली एका पुस्तकासाठी घडवला, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थच मुळी 'नसलेली जागा'. त्याच्या त्या बेटावर खाजगी मालमत्ता नाही, दिवसाला फक्त ६ तास काम, आणि सोन्याला इतकी कमी किंमत की त्याची शौचाची भांडी करतात. वाचताना मजा येते. पण मग जेवणघरातली घाण कामं आणि जनावरं कापायचं काम कोण करतं? तर गुलाम. म्हणजे कल्पनेतला देश, काहीही लिहायची मुभा, कोण अडवणार होतं? तरी याला गुलाम ठेवल्याशिवाय गटार काढता आलं नाही. (पुढे हा गृहस्थ राजाचा सगळ्यात वरचा मंत्री झाला आणि १५३५ मध्ये त्याच राजाने त्याचं मुंडकं उडवलं.)

आता दुसरी बाजू बघा. साधारण त्याच काळात, थोडं मागेपुढे, काशीला संत रविदासांनी एका पदात आपलं शहर रंगवलं, बेगमपुरा, म्हणजे जिथे दुःख नाही असं गाव. तिथे सारा भरावा लागत नाही, कसली धास्ती नाही, दुसऱ्या तिसऱ्या दर्जाचा कुणी नाही, आणि मनाला येईल तिथे फिरा, कुणी आडवत नाही. बास, एवढंच. सोन्याचा विषयच नाही. चामड्याचं काम करणारा माणूस, ज्याला कुठल्या गल्लीतून जायचं आणि कुठल्या नाही हे दुसरे सांगायचे, त्याच्या आदर्श गावात सगळ्यात आधी काय आलं तर मोकळं फिरणं.

म्हणून देखाव्यात एक पंतप्रधान उभा करून भाषण देण्यापेक्षा १४ जणांना एकेक विचारा, की बाबा तुला काय पाहिजे. प्रत्येकाचा देश वेगळा निघेल.

---

शिवाजीपेठ_वाघ

मास्तर, इंग्लंड आणि काशी कशाला, आपल्या घरात हाय की. राजर्षी शाहू महाराजांचा काळ दाखवा. २६ जुलै १९०२ चा हुकूम, नोकरीत मागासलेल्यांना ५० टक्के जागा, तेव्हा जगात कुठं असलं काय चाललं होतं? १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं, पोरगं शाळंत घातलं न्हाई तर बापाला दंड. राधानगरीचं धरण. खासबाग मैदान. आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा प्यायचे, राजाच पितोय म्हटल्यावर बरोबरचे सरदार कुठं जातील, त्यांना पण घोट घ्यायलाच लागायचा. ह्याच्यावर १५ मिनिटं काय, दीड तास देखावा होतोय. डोळ्यात पाणी येईल पब्लिकच्या.

---

मंगळवारपेठ_कट्टा

@शिवाजीपेठ_वाघ दादा, चहाचा प्रसंग भारीच हाय, पण तो अख्ख्या कोल्हापुरात दरवर्षी कुठं ना कुठं असतोय. आणि महाराजांची भूमिका करायला पण सहाजण येणार. 😅

---

वकिली_डोकं

वाघ साहेब रागवू नका, महाराजांबद्दल तुमच्याइतकाच आदर मला पण आहे. पण हा 'आदर्श देश' नव्हता, हा एक मोठा माणूस गादीवर बसलेला होता, यात फरक आहे. राजा असा निघाला म्हणून झालं. शेजारच्या संस्थानातला राजा शिकारी आणि मोटारी यात रमलेला असेल तर तिथल्या पोराने काय करायचं, नशिबाला हात लावून बसायचं? १९२२ च्या मे महिन्यात महाराज गेले, वय ४७. संस्थान पुढे १९४९ पर्यंत होतं, पण लोक आजही ज्या काळाची आठवण काढतात तो त्यांचाच. एका माणसाच्या आयुष्यावर टांगलेला देश म्हणजे किती धोक्याचा बघा.

आणि ते स्वतः सुद्धा असं समजत नव्हते की इथं सगळं आदर्श झालंय. तसं असतं तर दंड कशाला लावला असता? लोक ऐकणार नाहीत हे धरूनच तो कायदा केलेला होता.

---

आटपाडीचा_पाव्हणा

वकील साहेबांच्या मुद्द्यावरनं आमच्या भागातलं सांगतो, कोल्हापूरकरांना बहुतेक माहीत नसतंय.

औंध संस्थान. ७२ गावं, ती पण एका जाग्याला न्हाईत, एक तुकडा औंधला, एक आमच्याकडं आटपाडीला, एक कुंडलला, असं ठिगळं जोडल्यासारखं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (सूर्यनमस्कारवाले, तेच) ह्यांनी १९३९ साली आपली सत्ता आपल्या हातानं सोडून दिली. गोळीबार न्हवता. गांधीजींचा सल्ला घेऊन घटना केली आणि कारभार गावच्या पंचायतीकडं. दुसऱ्याला शहाणपण शिकवणारे राजे लई झाले, खुर्ची सोडणारा एखादाच.

पण देखाव्यासाठी खरी गोष्ट पुढं हाय. ह्याच संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर म्हणून कैद्यांची वसाहत काढली. भिंत न्हाई, तारंचं कुंपण न्हाई. खून केलेली माणसं, बायकापोरांसकट तिथं राहायची आणि शेती करायची. ह्या सगळ्यात मॉरिस फ्रीडमन म्हणून पोलंडचा एक इंजिनियर होता, आटपाडीच्या माळावर पोलंडचा माणूस, विचार करा. ह्या वसाहतीवरनंच पुढं १९५७ ला 'दो आँखें बारह हाथ' आला, गोष्ट आमच्या भागातल्या गदिमांची आणि पिक्चर तुमच्या कोल्हापूरच्या शांतारामबापूंचा. ती वसाहत अजून हाय. माझ्या लहानपणी आमच्या आज्ज्याबरोबर त्या रस्त्यानं जायचो, बाजरीच्या रानात एक माणूस पाणी पाजत होता, आज्जा म्हणाला "रामराम", तो पण "रामराम" म्हणाला. पुढं गेल्यावर आज्जा म्हणाला कैदी हाय. मी वळून वळून बघतोय, तर तो आपला वाकून दारं मोडतोय, पाणी दुसऱ्या सरीला.

तर तुमच्या देशात तुरुंग ठेवताय का न्हाई ते आधी ठरवा. माझं म्हणणं ठेवा. तुरुंग न्हाई म्हटलं की तुम्ही माणसंच खोटी दाखवताय. मग भांडण कुठनं आणू हा प्रश्न पण पडणार न्हाई.

(औंधचा प्रयोग टिकला न्हाई हे पण सांगतो, १९४८ ला संस्थान विलीन झालं, दहा वर्सं पण धड मिळाली न्हाईत.)

---

पुणेकर_अनिकेत

एवढं मागे कशाला जायचं? भूतान बघा ना, ते लोक जीडीपीऐवजी आनंद मोजतात. आजच्या काळातला आदर्श देश.

---

वकिली_डोकं

भूतानमधून १९९० च्या आसपास नेपाळी बोलणाऱ्या लाखभर माणसांना बाहेर पडावं लागलं, ती वर्षानुवर्षं नेपाळातल्या छावण्यांत राहिली. आनंद मोजायला बसताना घरातली माणसंच कमी केली तर सरासरी छान येणारच.

---

राजारामपुरी_ते_सिंगापूर

मी ११ वर्षं झाली सिंगापूरला राहतो. इकडं पहिल्यांदा आलो तेव्हा आईला फोन करून म्हणालो की आई हेच ते, आदर्श देश. लाईट जात न्हाई, बस मिनिटावर येती, रात्री दोनला एकटा चालत येतो, भीती म्हणून न्हाई. १९६५ ला स्वतंत्र झालेला, प्यायचं पाणी सुद्धा शेजारच्या देशातनं आणायला लागणारा देश हा. आज इथले जवळजवळ ८० टक्के लोक सरकारनं बांधलेल्या घरात राहतात. आणि बिल्डिंगमधे चिनी किती, मलय किती, भारतीय किती ह्याचा पण कोटा ठरलेला, १९८९ पासनं, म्हणजे एका जातीची गल्ली होऊच द्यायची न्हाई. आपल्याकडं फ्लॅट बघायला गेल्यावर पहिला प्रश्न काय विचारतात ते आठवा.

पण कट्टेकरी भावा तुझ्या गटाराचं उत्तर मला इथं रोज सकाळी दिसतंय. सहा-साडेसहाला बसची वाट बघत उभारलो की समोरनं लॉरी जाती, मागं उघड्यावर दाटीवाटीनं बसलेली माणसं, बांगलादेशातली, तमिळ, डोक्याला रुमाल, निम्मी बसल्या बसल्या झोपलेली. इमारती हीच बांधतात, रस्ते हीच खणतात. राहायला गावाबाहेर मोठमोठी डॉर्मिटरी, एका खोलीत दहा-बारा बंक. २०२० ला कोरोना आला तेव्हा इथल्या बहुतेक केसेस त्या डॉर्मिटरीतल्या होत्या, आणि रोजचे आकडे सांगताना डॉर्मिटरीचे वेगळे आणि 'आपले' वेगळे असे सांगायचे. तो एक रकाना बघून मला कळलं की देश कुठं संपतोय.

तरी परत यायचं का विचारलं तर लगेच हो म्हणत न्हाई मी, हे पण खरं सांगतो.

---

पुणेकर_अनिकेत

छान लिहिलंय दादा. पण भारतात सुद्धा मुलांनी रात्री दोनला एकटं चालण्यात एवढं काय विशेष?

---

राजारामपुरी_ते_सिंगापूर

दादा न्हाई, ताई हाय मी. 😄 कोल्हापूरच्या पोरी 'आलो गेलो'च म्हणतात, पुण्यात कुणी सांगितलं न्हाई का? आता वाक्य परत वाच.

---

जगात_भारी_०९

अनिकेतचा इस्कोट 😂😂

---

नाव_नको

बरेच दिवस नुसतं वाचत असतो, आज लिहितो. माझे वडील एका शहराच्या पालिकेत सफाई कामगार होते, शहर सांगत नाही. त्यामुळं ह्या धाग्यात सगळ्यात जास्त अनुभव बहुतेक माझ्या घरात असावा.

२०१९ च्या पुरानंतरचं सांगतो. पाणी उतरल्यावर घराघरात गुडघाभर गाळ, मेलेली जनावरं, भिजलेल्या गाद्या, धान्य कुजलेलं, तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. तेव्हा वडील आणि त्यांच्याबरोबरची माणसं पूरग्रस्त भागात सफाईला गेलती. वडील सांगायचे, चार दिवस आम्ही देव होतो. लोक दारात चहा घेऊन उभे, एका आजीनं ओवाळलं, पोरं येऊन फोटो काढून घ्यायची, आणि मोठ्या मोठ्या घरातली माणसं, डॉक्टर, इंजिनियर, पँट वर करून आमच्याबरोबर पाटी धरायची. कुणाची जात कुणी विचारली नाही कारण सगळ्यांचा रंग एकच, चिखलाचा. मग काही महिन्यांनी एका लग्नाला वडील त्याच भागात गेलते, तहान लागली म्हणून ओळखीच्या दारात थांबले. ओळखलं त्यांनी. "अरे या या" पण म्हणाले. पाणी आणलं ते प्लास्टिकच्या ग्लासातनं. घरात स्टीलचे ग्लास मांडणीवर दिसत होते. वडिलांनी पाणी पिलं, ग्लास चुरगाळून खिशात घातला आणि घरी आले. तो ग्लास त्यांनी आईला दाखवला, बोलले काहीच नाहीत.

म्हणजे तो देश झाला होता, चार दिवस. 'होऊ शकतो का' ह्याचं उत्तर म्हणून एवढंच माझ्याकडं आहे.

हातानं मैला काढायला लावणं कायद्यानं बंद आहे, १९९३ ला एक कायदा, २०१३ ला दुसरा आणखी कडक. तरी माणूस गटारात उतरून मेला ही बातमी दर थोड्या दिवसांनी येतेच, आणि बातमीखाली कमेंट किती असतात ते बघा.

तुमच्या मंडळाला सुचवतो, ती भूमिका अध्यक्षांना द्या.

---

निवृत्त_मास्तर

वरचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

पाळी लावायची कल्पना निघालीच तर सांगतो, हे करून बघितलेलं आहे. इस्रायलमध्ये किबुत्झ म्हणून सामुदायिक वस्त्या आहेत, पहिली १९१० ची, दगानिया. सगळी मालमत्ता सामाईक, आणि भांडी घासणं, जेवणघर सांभाळणं पाळीने, तुम्ही कितीही शिकलेले असा. बरीच वर्षं चाललं. मग जसजसा पैसा आला तसतशी बऱ्याच ठिकाणी अशा कामांना बाहेरची पगारी माणसं आली. आणि जुन्या अथेन्समध्ये बरीच सरकारी पदं चिठ्ठ्या टाकून भरत, हा एक उत्तम मार्ग, वशिला लागत नाही. अर्थात बायका आणि गुलाम यांच्या नावाच्या चिठ्ठ्या त्या मडक्यात नव्हत्याच.

चिठ्ठ्यांचं बघा. रंगमंचावर चांगलं दिसेल.

---

शिवाजीपेठ_वाघ

@नाव_नको भावा, तुझ्या वडिलांना आमचा नमस्कार सांग. कधी पेठेत आले तर चहा आमच्याकडं.

---

नाव_नको

ते गेले, २०२१ ला. पण लिहिल्याबद्दल आभार.

---

मंगळवारपेठ_कट्टा

मंडळी, चार दिवस गायब होतो, आता सांगतो काय झालं ते.

@नाव_नको तुमचं लिहिलेलं मी तालमीत वाचून दाखवलं, विचारायला पाहिजे होतं, चुकलंच, माफ करा. कुणी काही बोललं न्हाई. ग्लासाचा प्रसंग मी देखाव्यात घेणार न्हाई, तो तुमच्या घरातला हाय.

मास्तरांचं ऐकून चिठ्ठ्या टाकल्या. अट अशी की १४ भूमिका, १४ चिठ्ठ्या, जी निघंल ती करायची, कुरकुर न्हाई. सगळ्यांनी मान्य केलं, हात वर करून. पहिली चिठ्ठी आमच्या अध्यक्षांनी उचलली. गटारच निघालं. आईशप्पथ, मी काही केलेलं न्हाई, गणपतीच बसलाय म्हणायचं डब्यात.

मग काय. अध्यक्ष म्हणाले चिठ्ठी नीट घडी घातली न्हवती, परत टाका. खजिनदार म्हणाले का परत, तुमीच मगाशी पहिला हात वर केला. अध्यक्ष म्हणाले माझी कंबर धरलीया, वाकता येत न्हाई. एकजण म्हणाला देखाव्यासाठी वर्गणी मी आणलीया सगळ्यात जास्त, मला वगळा, मग त्याला दुसरा म्हणाला म्हणजे पैसे दिले की गटार चुकतंय, असं लिहायचं का देशाच्या घटनेत? आमच्यातलं सगळ्यात बारकं पोरगं, अकरावीतलं, ते शेवटी म्हणालं की रोज चिठ्ठी टाकूया की, रोज वेगळा. तर अध्यक्ष म्हणाले, आणि माझी रोज निघाली तर?

मी गुपचूप मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलं. घरी येऊन ऐकलं तर बरोब्बर १७ मिनिटं, दोन मिनिटं कापली की झालं. एक शब्द नवीन लिहिलेला न्हाई. पडदा उघडतो, आदर्श देशातली पहिली सकाळ, मधी चिठ्ठ्यांचा डबा, आणि गटारासाठी पंतप्रधानाच्या नावाची चिठ्ठी निघती. पुढं तालमीत झालं तसंच. पाव्हण्यांचा बिनभिंतीचा तुरुंग पण मागं दिसणार, एक माणूस रानात पाणी पाजतोय, बोलत काहीच न्हाई, त्याला रेकॉर्डिंगचा खर्च पण न्हाई.

शेवट अजून ठरला न्हाई. अध्यक्ष काल संध्याकाळी तालमीत आले आणि फावडं कोपऱ्यातनं उचलून वजन बघून परत ठेवलं, बोलले काय न्हाईत. आज विचारतो.

आता एकच अडलंय. रेकॉर्डिंग गुरुवारी रात्री ९ ला हाय आणि एका म्हातारीचा आवाज पाहिजे, खणखणीत, जी सगळ्यांना "आवरा लवकर, पाणी तुंबलंय" म्हणती. कुणाची आत्ती, आज्जी तयार असेल तर कळवा. चहा-वडा मंडळाकडनं.

---

राजारामपुरी_ते_सिंगापूर

माझी आई येईल. आवाजाची काळजी करू नकोस, माईक जरा लांब ठेव.